अर्थिंग

पान खाली सरकवलं की कानात
कोणीतरी पत्र्यावर नख ओढतं.
थांबले की थांबतं.
आणि त्या सगळ्याच्या तळाशी,
दळण संपलं तरी पट्टा फिरत राहावा
तसा एक घुं.

हेडफोनमध्ये केरबा रेणुसे बोलतायत.
वय त्र्याऐंशी.
धरणात गेलेल्या शेतांची नावं सांगतायत
सावकाश, मध्येच तंबाखू मळत:
आंबेखाचर, सतीची पट्टी, वरलं टेपाड...
मला ती उतरवून घ्यायचीत.
पण प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षरावर
घुं येऊन बसतो, म्हशीसारखा,
उठवला तरी उठत नाही.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या बोळात
अत्तारकाकांचं दुकान.
"लॅपटॉपच्या पोटातल्या कार्डावर ऐकता?
म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून पोथी वाचता.
बाहेर काढा."
काडेपेटीएवढी एक डबी दिली, यूएसबीची,
आणि वायरीत ओवायला फेराइटचा काळा मणी,
बाळाच्या मनगटात घालतात तसा.
बिलातला एक रुपयाही सोडला नाही.

नख गेलं.
घुं राहिला.

मग राउटर काढला. टेबलावरचा दिवा काढला.
शेजारच्या काळोख्यांचा मिक्सर थांबेपर्यंत थांबले.
शेवटी चार्जर काढला, आणि
काय सांगू,
केरबांच्या घशातला कफ ऐकू आला,
अंगणातलं कोंबडं, बांगड्या, कोणीतरी पातेलं खरवडतंय.
बॅटरी जुनी आहे. अकरा मिनिटं चालते.
अकरा मिनिटांत दोन शेतं होतात, फार तर तीन.

वायरमन मुनाफने टेस्ट लॅम्प लावला.
फेज आणि न्यूट्रल: लख्ख.
फेज आणि अर्थ: वात संपत आलेल्या पणतीएवढा.
"ताई, लॅपटॉपच्या पत्र्याला मनगट लागलं की
मुंग्या येतात ना? बघा.
तिसरी पिन आहे तुमच्याकडे,
पण ती कुठं पोचत नाहीय."

धनकवडीतली आमची सोसायटी, मागची भिंत,
गंजलेल्या सायकलींखाली एक लोखंडी झाकण.
खाली कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
आणि भुईला भेगा.
इमारत झाली त्या वर्षानंतर
कोणी पाणी घातलं नसावं.

रात्री साडेअकराला बादली घेऊन उतरले.
वॉचमन म्हणाला, "मॅडम, झाड कुठाय?"
नळाचंच पाणी. खडकवासल्याचं,
त्याच्या मागच्या धरणांमधून आलेलं.
पहिली बादली आवाज न करता गेली.
दुसरीला खड्डा गटागटा प्यायला.
चौथीनंतर डबडब वर राहिलं.

तिसऱ्या मजल्यावर, चार्जर लावून,
कानांवर हेडफोन.
घुं खाली खाली गेला,
विहिरीत पोहरा उतरावा तसा.
तीन दिवस मी 'ढवळ्याचं खाचर' लिहीत होते.
केरबा म्हणत होते, 'डवऱ्याचं'.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
कोणी डवरी तिथे राहून गेला असेल,
कोण जाणे, त्याचं नाव कोणाला विचारू.

थोडासा अजून आहे. लक्ष दिलं तरच.
हा माझ्याकडचा नव्हे. तिथलाच.
त्या दिवशी रेकॉर्डर चार्जिंगला लावला होता
त्यांच्या घरात, दोन भोकांच्या बोर्डात.
मी विचारलं होतं, लावू का?
तेही टेपवर आहे:
"लाव की. आता आलीय वीज आमच्याकडं."

पन्नासाच्या जागी एक काप मारला तर निघेल.
पण त्याच्या अगदी शेजारीच
केरबांच्या आवाजाचा बुडखा आहे.
हात आखडता घेतला.

रात्रीचे दोन. अजून एकोणीस शेतं उरलीत.
उन्हाळा आहे, खड्डा पुन्हा सुकेल;
कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं:
रविवारी चार बादल्या.